पलंगावरचं गाणं: एकेक फोटो जोडून केलेले व्हिडिओ आणि गाणारी माणसं

अर्धविराम

मागच्या आठवड्यात मैत्रिणीनं एक गाणं पाठवलं आणि तेव्हापासून रोज निदान एकदा तरी ते बघतेय. ओरेन लावी या इस्रायली गायकाचं ‘हर मॉर्निंग एलिगन्स’. व्हिडिओ २००९चा आहे, म्हणजे इथल्या बऱ्याच जणांनी तो कधीच बघून टाकला असेल. ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या, मग पुढे वाचा.

एक मुलगी पलंगावर झोपलीय. कॅमेरा छताकडून खाली बघतोय. ती झोपेतच चालायला लागते. म्हणजे ती आडवीच असते, पण पाय मागेपुढे होत राहतात, पांघरूण सरकत जातं आणि आपल्या डोळ्यांना ती रस्त्यानं निघालेली दिसते. उशांचा जिना होतो. मोज्यांचे मासे होतात आणि पोहायला लागतात. मग स्वतः लावीही त्याच पलंगावर अवतरतो. सगळं जग काय ते त्या एका पलंगावर. चादर, उशा, मोजे, कपडे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या घरात असतं तेवढंच सामान.

गाणंही तसंच आहे. आवाज अगदी जवळून येतो, कानाशी बसून सांगितल्यासारखा. ओरडाआरडा नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे हे करतात कसं? आणि दुसरी, जी मला जास्त छळतेय: आता मी डोळे मिटून नुसतं गाणं ऐकलं तरी मला ती चादरच दिसते. हे गाण्याच्या भल्याचं झालं की गाण्याचं काहीतरी हरवलं? तुमचे अनुभव सांगा, आणि असे आणखी व्हिडिओ माहीत असतील तर तेही.

वाटसरू

प्रतिसादासाठी जागा धरून ठेवतो. रात्री निवांत बघून लिहितो.

कंदील

अर्धविराम, माझ्या फार आवडीचा विषय काढलास!

याला स्टॉप मोशन म्हणतात. वस्तू ठेवायची, फोटो काढायचा, वस्तू जराशी सरकवायची, पुन्हा फोटो. वस्तूच्या जागी जिवंत माणूस असेल तर त्या प्रकाराला पिक्सिलेशन असं वेगळं नाव आहे. कॅनडात काम केलेल्या नॉर्मन मॅकलॅरेन यांनी १९५२ साली या तंत्रानं ‘नेबर्स’ नावाचा छोटा चित्रपट केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्यात दोन शेजारी जमिनीवर पाय न टेकता हवेत तरंगत सरकतात. करायचं एवढंच, की माणसानं उडी मारायची आणि तो हवेत असतानाच्या क्षणाचा फोटो घ्यायचा. पुन्हा उडी, पुन्हा फोटो. मधलं खाली उतरणं आपल्याला दिसतच नाही.

लावीच्या व्हिडिओत २०९६ फोटो आहेत. गाणं साधारण साडेतीन मिनिटांचं. भागाकार करून बघ, सेकंदाला जेमतेम दहा फोटो येतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त हालचाल तिथं नाहीच, ती आपला मेंदू भरून काढतो. तुला जी थोडी थरथर दिसते ती यामुळे. ही थरथर काढून टाकली आणि सगळं लोण्यासारखं गुळगुळीत केलं तर यातली अर्धी मजा जाईल, असं माझं ठाम मत आहे.

पुढे त्यांनी हे फोटो सुटे विकायलाही काढले, प्रत्येक फोटो एकदाच. म्हणजे कुणाच्या तरी घरात त्या व्हिडिओचा एक दशांश सेकंद भिंतीवर टांगलेला आहे!

चिंचोके

दोन हजार वेळा ‘हलू नकोस हं’ ऐकून घेणाऱ्या त्या मुलीला माझा साष्टांग नमस्कार. मला पासपोर्टच्या एका फोटोला जमत नाही.

अर्धविराम

कंदीलताई, एक दशांश सेकंद भिंतीवर! हे वाचून मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि मध्येच थांबवून बघितला. खरंच, कुठंही थांबवा, ते चित्र एकटंही उभं राहतं. आणि हो, २०१०च्या ग्रॅमीसाठी छोट्या म्युझिक व्हिडिओंच्या गटात त्याला नामांकन होतं, हे मला काल कळलं.

तानपुरा

धागा छान आहे, पण मी विरुद्ध बाजूनं बोलणार आहे. राग नसावा.

मी हा व्हिडिओ तीनदा बघितला. मग कागद घेऊन बसलो आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात काय आहे ते आठवायला लागलो. एक ओळ आली नाही. मोजे कधी येतात ते मात्र आठवत होतं. मग मी फोन पालथा ठेवून नुसतं गाणं ऐकलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मागे तंतुवाद्यं किती हळुवार वाजतायत आणि गायक वाक्याच्या शेवटी श्वास कसा सोडतो. हे सगळं तीन वेळा माझ्या कानावरून गेलं होतं आणि मी ऐकलंच नव्हतं.

ज्या गायकाकडे एक वाद्य, एक आवाज आणि चार ओळी एवढंच भांडवल असतं, त्याच्या गाण्यावर चित्रांचा थर चढवला की ते भांडवल झाकलं जातं. गाणं कानासाठी असतं. माझ्या घरात तरी गाणं कानानंच ऐकलं जातं.

गोधडी

तानपुराकाकांशी अर्धी सहमत. पण मला आधी वेगळाच खडा टाकायचाय. मैत्रिणीनं पाठवताना लावीला ‘लोकगायक’ म्हटलं असेल, इंग्रजीतही त्याला फोकच्या खणात टाकतात. पण आपण लोकगीत कशाला म्हणतो? ज्याला कर्ता माहीत नाही, जे तोंडातून तोंडात गेलं, ज्यात प्रत्येकीनं आपला एक शब्द घातला, ते. लावीनं गाणं स्वतः लिहिलं, स्वतः चाल लावली, स्वतःच्या नावानं २००७च्या अल्बमात घातलं. मग तो लोकगायक कसा?

पिंपळपान

गोधडी, तुमचा मुद्दा मराठी शब्दाला लागू आहे, इंग्रजी ‘फोक’ला तितकासा नाही. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत जुनी लोकगीतं शोधून गाणाऱ्यांची लाट आली, आणि त्यांच्यातलेच काही जण त्याच घाटाची स्वतःची गाणी लिहायला लागले. गिटार, एकट्याचा आवाज, सांगण्यासारखी गोष्ट. त्या सगळ्यालाच मग फोक म्हणायला लागले. बॉब डिलन त्यातला सगळ्यात मोठा. आणि त्यानं २५ जुलै १९६५ला न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात विजेची गिटार हातात घेतली तेव्हा श्रोत्यांतल्या कित्येकांनी आरडाओरडा केला. म्हणजे कोण फोक आणि कोण नाही हे भांडण तिथंही जुनंच आहे.

डिलनचं नाव निघालंच आहे तर, माझ्या लेखी लोकगायकाचा सगळ्यात कल्पक व्हिडिओ त्याचाच. ‘सबटरेनियन होमसिक ब्लूज’. १९६५, लंडनमधल्या सॅव्हॉय हॉटेलच्या मागची बोळकांडी. डिलन हातात मोठ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन उभा. गाणं वाजतंय, तो गात नाही, ओठही हलवत नाही. गाण्यातला एखादा शब्द आला की त्या शब्दाचं कार्ड वर, आणि लगेच ते खाली टाकायचं. मागे कवी ॲलन गिन्सबर्ग कुणाशी तरी गप्पा मारत उभा आहे, जणू त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही. कार्डं रंगवायला गिन्सबर्ग होता आणि डोनोव्हन हा दुसरा फोक गायकही होता. डी. ए. पेनबेकर यांच्या ‘डोन्ट लुक बॅक’ या माहितीपटाची (१९६७) सुरुवातच या दृश्यानं होते.

खर्च काय, तर पुठ्ठे आणि रंग. साठ वर्षं झाली, लोक अजून त्याची नक्कल करतायत.

कंदील

पिंपळपान, सुंदर उदाहरण! आणि ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी आठवा. कागदावर रंगवलेली चित्रं, एकामागून एक समोर धरायची आणि गात गात कथा सांगायची. एक चित्र संपलं की ते बाजूला, दुसरं पुढे. गाणारा आणि चित्र दाखवणारा तिथंही एकाच जागी. मला डिलनचा तो गठ्ठा बघताना दर वेळी तेच आठवतं. गाणं आणि चित्र यांचं लग्न टीव्हीनं लावलेलं नाही, ते फार आधीचं आहे.

तानपुरा

पिंपळपान, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. डिलननं दाखवलं काय? शब्द! त्या कार्डांमुळे माणूस गाण्याकडे जास्त लक्ष देतो. गाण्यात तो अकरा डॉलर म्हणतो आणि कार्डावर वीस लिहिलेलं असतं, ही गंमत ज्याचा कान जागा आहे त्यालाच कळते. तिथं चित्र गाण्याचा हात धरून चालतं. पलंगाच्या व्हिडिओत ते गाण्याच्या पुढे पळतं.

चित्रकथीतही माणूस गाऊन कथा सांगतो, चित्र त्याच्या मागे असतं. त्यामुळे कंदीलताई, तेही माझ्याच खात्यात जमा करतो.

चिंचोके

काका सगळंच आपल्या खात्यात जमा करून घेतायत, जरा पासबुक दाखवा बघू! :)

मी एक वेगळं सुचवतो. जॉनी कॅश हा अमेरिकी गायक २००३मध्ये गेला. त्याच्या ‘एन्ट नो ग्रेव्ह’ या गाण्यासाठी २०१०मध्ये एक उपक्रम निघाला. व्हिडिओचं एकेक चित्र जगभरातल्या लोकांना दिलं, आणि ज्याला जसं जमेल तसं त्यानं ते काढून पाठवायचं. कुणी पेन्सिलीचे फराटे मारले, कुणी नुसते ठिपके दिले, कुणी चेहरा अर्धाच काढला. ती सगळी चित्रं ओळीनं लावली की कॅश चालतो, गातो, वळून बघतो. एका सेकंदात कितीतरी अनोळखी माणसांचे हात त्याच्या चेहऱ्यावरून फिरून जातात. गोधडीताई, तुम्ही म्हणालात ना, लोकगीतात प्रत्येकीनं आपला शब्द घातलेला असतो? मला हे बघताना तेच वाटलं. गाणं अगदी जुन्या भक्तिगीताच्या वळणाचं आणि चित्र लोकांनी मिळून काढलेलं.

गोधडी

चिंचोके, हे मला माहीत नव्हतं. आत्ता बघितलं. माझी शंका मागे घेते असं नाही, पण या एका व्हिडिओला लोकगीत म्हणायला माझी तयारी आहे.

खिडकी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. हा धागा वाचून शनिवारी मी आणि माझी आठ वर्षांची भाची, आम्ही असा व्हिडिओ करायला बसलो. करून बघितल्यावर जे कळलं ते सांगते, कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

पहिली अडचण गादी. गादी जमिनीवर घातली, वर चादर, त्यावर भाची. शिडी उभी करून तिच्या पायरीला फोन बांधला, भिंग खाली. पहिला फोटो झकास आला. मग उशी सरकवायला मी गादीवर गुडघा टेकला आणि सगळं जगच हललं. भाची कलली, चादरीच्या चुण्या बदलल्या, मासा म्हणून ठेवलेला मोजा घरंगळला. असं दर फोटोला होणार म्हटल्यावर गादी काढली आणि जमिनीवर चटई, वर चादर असं केलं. वरून बघताना तो पलंगच वाटतो.

दुसरी अडचण फोन. बटण दाबलं की फोन केसभर हलायचा. शेवटी वायरचा हेडफोन लावला आणि त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो काढले. ही युक्ती भाचीनं शोधली, श्रेय तिचं.

तिसरी अडचण श्वास. ही माझ्या आधी ध्यानीमनीही नव्हती. वीस-पंचवीस फोटो झाल्यावर ते पळवून बघितले तर भाचीचं पोट धडाधड वरखाली! माणूस कुत्र्यासारखा धापा टाकतोय असं दिसत होतं. कारण दोन फोटोंमध्ये अर्धा-अर्धा मिनिट जायचा आणि प्रत्येक फोटोत श्वास वेगळ्या जागी सापडायचा. मग ठरवलं, मी ‘आता’ म्हटलं की तिनं श्वास सोडायचा आणि तेव्हाच फोटो. हे तिला खेळासारखं वाटलं, त्यामुळे जमलं.

सेकंदाला बारा फोटो या हिशेबानं केलं. चार तासांत १६८ फोटो झाले, म्हणजे चौदा सेकंद. चौदा! लाल मोजा तिच्या पायापासून खांद्यापर्यंत पोहत जातो, ती हात पुढे करते आणि तो बोटांमधून निसटतो. एवढंच.

आणि आता जे सांगायचंय ते. शेवटच्या वीसेक फोटोंत भाची खरीच झोपून गेली. मला कळलंच नाही, मी आपली मोजा सरकवत होते. रात्री सगळे फोटो ओळीनं लावून बघितले तेव्हा तो क्षण स्वच्छ दिसला. झोपेचं सोंग घेतलेल्या मुलाच्या पापण्या घट्ट असतात, ओठ मिटलेले असतात, हसू दाबल्यासारखे. खरी झोप लागते तेव्हा आधी ओठ सुटतात, मग बोटं उघडतात. माझ्या चौदा सेकंदांत बाराव्या सेकंदाला मूठ उघडते. मी काही सांगितलं नव्हतं. ते दोन सेकंद मी पन्नास वेळा तरी बघितले असतील.

अर्धविराम

खिडकी, तुझा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मूठ उघडते! तो व्हिडिओ बघायला मिळेल का? भाचीचा चेहरा जाहीरपणे टाकायचा नसेल तर नको, मी समजू शकते.

खिडकी

चेहरा नको असं तिच्या आईचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं. फक्त हात आणि मोजा दिसेल एवढा तुकडा कापून टाकते. पण एक विचारायचंय कंदीलताई, माझ्या व्हिडिओत उजेड सारखा लुकलुकतो. एक फोटो पिवळट, पुढचा पांढरा, मग पुन्हा पिवळट. दिवा तर एकच होता.

कंदील

खिडकी, आधी तुला शाबासकी. गुडघा, बटण आणि श्वास, या तिन्ही गोष्टी लोकांना कळायला आठवडे लागतात.

लुकलुकण्याची दोन कारणं. एक तर खिडकीतून येणारा उजेड. ढग आला-गेला तरी आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. चार तासांत तर ऊनच दुसऱ्या भिंतीवर जातं. तेव्हा पडदे पूर्ण बंद, आणि फक्त दिवा. दुसरं म्हणजे फोन दर फोटोला स्वतःच ठरवतो की उजेड किती घ्यायचा आणि रंग कसा ठेवायचा. तू मोजा सरकवलास की त्याचा हिशेब बदलतो. ते आपण पक्कं करून ठेवायचं. पडद्यावर बोट थोडा वेळ दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये उजेड आणि फोकस जागच्या जागी राहतात. स्टॉप मोशनसाठीच केलेलं ॲप घेतलंस तर रंगही पक्का करता येतो, आणि मागचा फोटो पुसटसा वर दिसत राहतो, त्यामुळे मोजा किती सरकवायचा याचा अंदाज येतो. आणि हो, कपडेही सांभाळ. पांढरा सदरा घालून जवळ उभी राहिलीस तर त्यावरचा उजेड चादरीवर पडतो. हे काम करणारे लोक त्यासाठी काळे कपडे घालतात.

वाटसरू

आलो. बघितला. तीन वेळा. जागा धरल्याचं सार्थक झालं.

याच जातीचा आणखी एक सांगतो. किना ग्रॅनिस या अमेरिकी गायिकेचं ‘इन युअर आर्म्स’, २०११. ती गाताना तिच्या मागे दिसतं ते सगळं दृश्य, म्हणजे समुद्र, आकाश, वगैरे, जेली बीन्सच्या रंगीत गोळ्या मांडून केलंय. गोळ्या २,८८,०००. काम २२ महिने चाललं. प्रत्येक फोटोला मांडणी बदलायची आणि त्या बदललेल्या मांडणीसमोर तिनं पुढची मुद्रा घेऊन थांबायचं. संगणकावर रंगवलेलं काही नाही. बघताना डोळे दिपतात.

पिंपळपान

वाटसरू, हा मी बघितलाय आणि मला तो लावीच्या व्हिडिओइतका आवडत नाही. कष्टांपुढे मान लवते, पण बघताना मी सारखा गोळ्याच मोजत असतो. किती दिवस लागले असतील, किती माणसं असतील. गाणं साधं, हळवं, दोन माणसांमधलं, आणि त्याच्याभोवती पावणेतीन लाखांहून जास्त गोळ्या! पलंगाच्या व्हिडिओत कष्ट तेवढेच असतील-नसतील, पण ते अंगावर येत नाहीत. पलंग, झोप, सकाळ हे गाण्याच्याच पोटातून आलेलं आहे. गोळ्या कुठल्याही गाण्याला लावता आल्या असत्या.

वाटसरू

अन्याय करताय! ते गाणं गोड आहे, गोळ्याही गोड आहेत, नातं आहे की.
बरं, हे सोडा. पण एक मान्य करा, लहान मुलांना दोन्ही व्हिडिओ दाखवा, ती गोळ्यांपाशीच थांबतील. माझी दोन्ही मुलं ‘बाबा, मागे घ्या, मागे घ्या’ करत होती.

चिंचोके

कष्टांचाच विषय असेल तर पीटर गेब्रियल या इंग्लिश रॉक गायकाचं ‘स्लेजहॅमर’ (१९८६) विसरू नका. तो काही फोक नाही, पण या सगळ्या मंडळींचा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. त्यात त्याच्या चेहऱ्याभोवती फळं, भाज्या, ढग, आगगाडी काय काय फिरतं. त्यासाठी तो सोळा तास काचेखाली पडून होता. १९८७मध्ये एमटीव्हीची नऊ पारितोषिकं त्या एका व्हिडिओला मिळाली.

गोधडी

थोरल्या भावाचं काय सांगता, पणजोबा आपल्याच भाषेतले आहेत! दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याच्याही आधी भांडवल उभं करायला त्यांनी काय दाखवलं, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले, आणि पडद्यावर ते रोप बघता बघता मातीतून वर आलं. ते बघून पैसे देणारा माणूस तयार झाला. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची गंमतही केली, तिच्यात काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार धरतात. म्हणजे कंदीलताईंनी सांगितलेलं तंत्र तेच: ठेवा, चित्र घ्या, सरकवा.

खिडकी, तुझ्या भाचीला हे नक्की सांग.

खिडकी

सांगितलं. तिनं लगेच विचारलं, ‘त्यांच्याकडे हेडफोन होता का?’

तानपुरा

मी दोन दिवस इथं फिरकलो नाही, पण या धाग्यामुळे घरात एक गोष्ट घडली, ती लिहितो.

मी वर म्हटलं होतं की आमच्याकडे गाणं कानानं ऐकलं जातं. त्याचं कारण सांगितलं नव्हतं. माझ्या आईची दृष्टी काचबिंदूनं गेली, आता अकरा वर्षं झाली. संध्याकाळी आम्ही दोघं बसून गाणी ऐकतो. तिला चालेल ते मला चालतं. व्हिडिओ हा प्रकार त्यामुळे माझ्या आयुष्यातून आपोआप गेला, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा रागही येतो. लोक ‘बघ बघ’ करत काही पाठवतात तेव्हा ती शेजारीच बसलेली असते.

परवा मी हेच गाणं तिच्यासाठी लावलं. इंग्रजी शब्द तिला कळत नाहीत. म्हणाली, ‘चाल अंगाईसारखी आहे, कशाबद्दल आहे?’ मी सांगायला लागलो, आणि शब्दांचा अर्थ सांगता सांगता मला व्हिडिओच सांगावा लागला, कारण माझ्या डोक्यात तोच होता. म्हटलं, आई, एक मुलगी झोपलीय आणि आपण छतातून बघतोय. ती झोपेत चालतेय. तिनं विचारलं, ‘पांघरूण घेतलंय का?’ म्हटलं, हो, पण तेच पांघरूण तिच्या भोवती रस्ता होतं. उशांच्या पायऱ्या होतात. ‘कितीशा उंच?’ आता मोज्यांचे मासे आले. यावर ती मोठ्यानं हसली. ‘जोडीजोडीनं का एकेकटे?’ मला सांगता येईना, तेव्हा मागे नेऊन पुन्हा बघावं लागलं. असे तिचे प्रश्न सुरू झाले आणि मी उत्तरासाठी व्हिडिओ इतका बारकाईनं बघितला, तेवढा आधी तीन वेळात बघितला नव्हता.

संपल्यावर ती म्हणाली, ‘आता पुन्हा लाव. आणि तू मध्ये बोलू नकोस.’

मी पुन्हा लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. तिला मिटायची गरज नाही, पण गाणं ऐकताना ती मिटतेच. मध्ये एका ठिकाणी तिनं हात मांडीवरून उचलला आणि बोटं पाण्यात फिरवल्यासारखी फिरवली. माझी नजर फोनवर गेली. मासे नव्हते तिथं, ते आधीच होऊन गेले होते. तिचे मासे तिच्या वेळेनं येत होते.

अर्धविराम, तुम्ही विचारलं होतं की गाण्याचं काही हरवलं का. माझं मत होतं की हरवलं. आता मी तसं म्हणणार नाही. दुसरं कडवं मला अजून पाठ नाही, तो भाग वेगळा.

कंदील

तानपुराकाका, काय लिहिलंत हो.

पिंपळपान

काका, आईंना नमस्कार सांगा. डिलनची कार्डंही सांगून बघा त्यांना. प्रत्येक कार्ड पडताना तुम्ही एक टाळी द्या, ठेका कळेल.

अर्धविराम

मी हा प्रतिसाद दोन वेळा लिहून पुसला. काका, ‘जोडीजोडीनं का एकेकटे’ हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आत्ता जाऊन तेच बघितलं.

चिंचोके

काका, पासबुक मागितलं त्याबद्दल माफी. हे सगळं तुमच्याच खात्यात.

तानपुरा

चिंचोके, अहो माफी कसली! पिंपळपान, टाळीची युक्ती करून बघतो. आईनं विचारलंय की ती मोजा पोहवणारी मुलगी कोण आणि तिचा पुढचा भाग कधी येणार. खिडकीताई, उत्तर द्या.

खिडकी

काका, आजींना सांगा, आज पडदे लावून, काळा सदरा घालून पुन्हा बसलो होतो. एकतीस सेकंद झालेत. आता हिरवा मोजाही आलाय, म्हणजे जोडी नाही, दोन वेगवेगळ्या जोड्यांमधले दोघं आहेत. हिरवा तिच्या कोपरापर्यंत पोचलाय आणि तिथंच थांबलाय, कारण भाचीला भूक लागली. चादर तशीच अंथरलेली ठेवलीय आणि खोलीच्या दारावर तिनं पाटी लावलीय: ‘आत मासे आहेत, पाय टाकू नये.’